कणगीमागचे टायर

बाबामियाँची मोटार बेंबळीच्या वेशीत शिरली की एक लांब हॉर्न द्यायची, आणि तो कानावर पडेपर्यंत हमिदाबी चुलीवर तवा चढवत नसे. पीठ काढून ठेवलेलं, जळण पुढं सारलेलं, कालवण उतरून झाकलेलं, पण तवा मात्र भिंतीला टेकलेला. शेजारणी म्हणत, "अगं, थापून ठेव की चार. त्याला काय हुतंय?" ती म्हणे, "त्यास्नी गरम लागती." हे आपलं सांगण्यापुरतं. खरी गोष्ट अशी होती, की माणूस धड घरी पोचला हे कळल्याशिवाय त्याच्या वाटणीची भाकरी थापायला तिचा हात धजत नसे. ताटात भाकरी वाट बघत पडली आणि खाणाराच आला नाही तर, हा विचार एकदा तिच्या डोक्यात शिरला होता तो निघायला तयार नव्हता.

मोटार म्हणजे ट्रक. गावात तो एकच, म्हणून त्याला दुसरं नाव लागत नव्हतं. सुगी झाली की गावची ज्वारी, करडई, तूर भरून बाबामियाँ कधी धाराशिवच्या अडतीत, कधी बार्शीला जात. पावसाळ्यात काळ्या मातीनं रस्ते गिळले की मोटार छपराखाली उभी, आणि बाबामियाँ तिच्याभोवती लेकुरवाळीसारखे घुटमळत. त्यांचा हात चांगला होता. इतक्या वर्षांत मोटारीखाली कुणाची कोंबडी आली नव्हती. पण चांगल्या हाताच्या माणसाला जी एक खोड असते ती त्यांनाही होती. ते कशालाच भीत नसत.

हमिदाबीची काळजी सुरू झाली ती पुढच्या दोन टायरांना भेगा पडल्यापासून. आधी केसाएवढ्या होत्या. मग चैतात काळ्या रानाला पडतात तशा एकीतून दुसरी फुटत गेल्या. चाकाच्या दोन्ही अंगांना सारं जाळंच झालं. ती दाखवायला गेली की बाबामियाँ चाकाच्या तळव्यावर थाप मारत.

"ही नक्षी बघ. कशी ठळठळीत हाय! टायर तळव्यानं चालतो, गालानं न्हाय. माझ्या गालाला कमी सुरकुत्या हैत का? म्हनून काय म्हातारा झालो व्हय म्या?"

"झाला न्हाई तर काय," हमिदाबी म्हणे.

आता तुम्ही म्हणाल, बिचाऱ्याकडं दुसरे टायर नसतील. तर तसं नव्हतं. चांगले कोरे करकरीत दोन टायर घरात होते. टायर मिळायची मारामार होती त्या काळात बाबामियाँ सोलापूरला चकरा मारमारून ते घेऊन आले होते. त्याला किती वर्षं झाली हे विचारलं तर दोघंही नवं लुगडं, सादिकचं लग्न, मोठी विहीर असल्या खुणा सांगत आणि दोघांचा हिशेब जमत नसे. सादिक त्यांचा मुलगा, सोलापूरला गिरणीत होता. ते टायर ज्वारीच्या कणगीमागं, भिंतीशी, गोणपाटात गुंडाळून उभे केलेले होते. घरात पाव्हणा आला की चहा होईपर्यंत बाबामियाँ त्याला आत नेऊन गोणपाटाचा कोपरा वर करून दाखवत. लोक सोनंनाणं दाखवत नाहीत एवढ्या हौसेनं दाखवत.

आणि ते राखायचं काम हमिदाबीचं. तिच्या बापाच्या विहिरीवर कातड्याची मोट होती. तिला दरसाल करडईचं तेल पाजत, म्हणून ती कधी चिरली नाही. हमिदाबीनं तेच धरून ठेवलं. शिमग्याच्या सुमारास घाण्यावरून नवं तेल आलं की पहिली वाटी टायरांची. ती पदर खोचून बसायची आणि लेकराला मालिश करावी तसं दोन्ही टायरांना आतून-बाहेरून तेल जिरवायची. वर लिंबाचा पाला टाकून पुन्हा गोणपाट. टायर असे चमकत की त्यात तोंड बघून घ्यावं. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा? अख्ख्या गावात कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं तेल पाजा, हेच सांगितलं असतं.

मात्र ते बसवायचे कधी, हा प्रश्न निघाला की बाबामियाँचं उत्तर ठरलेलं.

"एवढी सुगी जाऊ दे. मागं दोन हैत की!"

पुढची सुगी यायची, जायची. मागं दोन आहेत, म्हणून हे बेधडक भेगाळलेल्या टायरांवर धान्याची पोती लादून उतार उतरत. नवे टायर चाकाला कधी लागलेच नाहीत. त्यांचा उपयोग एवढाच, की त्यांच्या जोरावर जुने पळत होते.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाला, शेजारचा कोंडीराम पेढे घेऊन आला. त्याच्या लेकीचं, अयोध्येचं, माकणीला जमलं होतं. लग्न नवऱ्याच्या दारी, वैशाखात.

"बाबाभाई, वऱ्हाड बैलगाडीतनं न्यायचं न्हाय. पाव्हण्याला सांगून आलोय, पोरगी मोटारीतनं येनार म्हनून."

"तर! माझी मोटार असताना बैलगाडीतनं?" बाबामियाँ पेढा तोंडात असतानाच म्हणाले. "अयोध्या म्होरं, माझ्या शेजारी. बाकीची मंडळी मागं."

अयोध्या म्हणजे हमिदाबीच्या चुलीपुढं वाढलेली पोर. तिच्या हातची पहिली वेडीवाकडी भाकरी बाबामियाँनी "चाँद हाय चाँद" म्हणत खाल्लेली होती. मोटारीच्या पुढच्या बैठकीवर नवरी होऊन बसायचं हे ती परकरात होती तेव्हापासून म्हणत आली होती. हमिदाबीला आनंद झाला, आणि त्याच क्षणी माकणीचा रस्ताही आठवला. माकणीच्या अलीकडं तेरणा नदीचा उतार होता. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला ओघळ. पोती भरून नेताना एक माणूस जिवावर उदार होत होता, तेवढंच. आता मागं सगळं गाव उभं असणार आणि पुढं अयोध्या.

तिनं गोडीनं सांगून पाहिलं. रुसून पाहिलं. "मागं दोन हैत की," एवढंच कानावर आलं.

"मागं हैत ते ठाव हाय मला. चाकात कवा येनार?"

"लगीन झालं की घालू. लग्नात दगड-धोंड्यांत कशाला खराब करायचे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सुपातली मूठभर ज्वारी घेतली आणि मोटारीपुढं फतकल मारून बसली. टायरच्या एकेका भेगेत तिनं एकेक दाणा बसवायला सुरुवात केली. दाणे बसले. नुसते बसले नाहीत, बोटानं दाबले की आत गडप झाले. मूठ संपली, तिनं दुसरी आणली. पारावर बसलेली मंडळी उठून बघायला आली. गावचा लोहार दगडोबा, गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवणारा, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "भाभी, ह्ये काय चाललंय?"

"पेरणी," हमिदाबी म्हणाली. "औंदा हितंच ज्वारी घ्यावी म्हनते. तुमास्नी हुरड्याला बलावते."

माणसं पोट धरून हसली. तेवढ्यात बाबामियाँ बाहेर आले. त्यांनी टायर पाहिला. पांढऱ्या दाण्यांनी भेगा अशा उमटून दिसत होत्या की आंधळ्यालाही नाही म्हणता आलं नसतं. इतके दिवस काळ्यावर काळं, म्हणून डोळेझाक चालली होती. त्यांनी एक दाणा टोकरून काढायचा प्रयत्न केला, तो आणखी आत गेला. मग ते सगळ्यांवर एकदम ओरडले, "हसता काय? दगडोबा, टॉमी आण तुजी. नवे टायर घालायचेत."

हमिदाबीला वाटलं, जिंकलं. खरंच तसं वाटण्यासारखंच होतं ते.

चौघांनी मिळून टायर बाहेर आणले. गोणपाट उलगडलं, पाला झटकला, आणि अंगणात काळाभोर उजेड पडला म्हणायला हरकत नाही. तेलाचा घमघमाट सुटला. कोंडीराम म्हणाला, "भाभी, माझ्या पोरीला बी एवढी हळद न्हाय लावली अजून." दगडोबानं टॉमीनं, म्हणजे लोखंडी सळईनं, जुना टायर रिंगेतून उपसला, नवा चढवला. तेवढ्यात त्यानं एकदा बोटं हुंगली आणि म्हणाला, "जरा बुळबुळीत लागतंय." "तेल हाय ते," बाबामियाँ म्हणाले, आणि विषय तिथंच संपला. आत ट्यूब गेली, आणि हवा भरायला हातपंप लावला. एक दमला की दुसरा, दुसरा दमला की तिसरा. ऊन चढत गेलं. चाक हळूहळू फुगलं, घट्ट झालं, बाबामियाँनी त्याला लाथ घातली तर टण्ण बोललं. ते चाक त्यांनी लिंबाच्या खोडाला टेकवून उभं केलं आणि म्हणाले, "आता जेवा समदे. दुसरं मागनं."

हमिदाबीनं त्या दिवशी हॉर्नची वाट न बघता तवा चढवला. माणूस तर डोळ्यापुढंच होता. सगळे ओसरीत बसले, आणि ती पहिली भाकरी वाढते न वाढते तोच अंगणात स्फोट झाला.

कसला आवाज तो! पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्या सालानंतर बेंबळीत असा आवाज कुणी ऐकला नव्हता. पलीकडच्या आळीतल्या दोन म्हाताऱ्यांनी दारं लावून घेतली. लिंबावरचे कावळे गावाबाहेर गेले ते संध्याकाळपर्यंत परतले नाहीत. ओसरीतली माणसं ताटं ओलांडून सगळी एकदम धावली.

चाक आडवं पडलं होतं. नव्या टायरचा एक गाल सबंध फाटून बाहेर लोंबत होता, ट्यूबच्या चिंध्या लिंबाच्या फांदीला लटकत होत्या आणि खोडाची साल तळहाताएवढी निघाली होती. घटकाभरापूर्वी तिथंच कोंडीराम टेकून उभा होता. त्यानं स्वतःच्या पोटावरून हात फिरवला आणि "पांडुरंगा" म्हणून खालीच बसला.

बाबामियाँनी फाटलेल्या कडेला नख लावलं. ओल्या साबणात रुतावं तसं ते रुतलं. त्यांनी चिमूट ओढली तर रबराचा लगदा हातात आला आणि आतले दोरे उघडे पडले. मग ते दुसऱ्या टायरपाशी गेले, जो अजून चढवलाही नव्हता. तिथंही तेच. वरून आरसा, आतून पिठलं.

"तेलानं झालं ह्ये," दगडोबा हळूच म्हणाला. "कातड्याला तेल मानवतं. रबराला न्हाय मानवत वाटतं. आपल्याला तरी काय ठावं?"

हमिदाबीच्या हातात अजून भाकरीच होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "म्याच मारलं त्यास्नी," ती म्हणाली. "दरसाल वाटी-वाटी पाजून मारलं. या अल्ला, माज्या हातानं!"

"तू कशाला रडती?" बाबामियाँ म्हणाले. "तू तेल लावलं. पर घालायचे सोडून कणगीमागं कुनी ठिवले?"

कोंडीराम तोवर सावरला होता. मुलीचा बाप तो, पाव्हण्यांना शब्द देऊन बसलेला. तो म्हणाला, "बाबाभाई, झालं ते झालं. जुनेच चढवा परत. एवढी वर्सं चाललेत, अजून एक डाव जातील. सावकाश जाऊ."

सगळ्यांनी बाबामियाँकडं पाहिलं. हमिदाबीनंही पाहिलं. हे वाक्य त्यांचंच होतं. अजून एक डाव, अजून एक सुगी. आता ते थाप मारतील आणि म्हणतील, चल, नेतो. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाचा फेरा नाकारला नव्हता, आणि इथं तर अयोध्येचं लग्न.

बाबामियाँ जुन्या टायरपाशी उकिडवे बसले. हमिदाबीनं पेरलेले दाणे अजून तसेच होते. त्यांनी भेगेत बोट घातलं, फाकवून आत पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले. उठले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"न्हाय कोंडीराम."

"अवो पर पाव्हनं..."

"ऐक माजं. ह्ये टायर कवापासून असलेच हैत. म्या उतार उतरायचो, पोती लादायचो, भ्या म्हनून वाटायचं न्हाय. का? तर मागं दोन हैत! आरं, मागं काय बी नव्हतं. पिठलं हुतं मागं. आज मला भ्या वाटतंय. भ्यालेल्या डायवरनं लेकरं भरून गाडी काढू न्हाय. पाव्हन्याला म्या सांगतो, पाय धरतो त्यांचे, पर अयोध्येला ह्या चाकावर बसवनार न्हाय."

हमिदाबी ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. तिला एकदम हलकं वाटलं. टायर गेले, मोटार लंगडी झाली, लग्न तोंडावर, आणि ही बाई पदरात तोंड घालून रडत होती आणि हसतही होती. आपला नवरा भ्याला, याचा एवढा आनंद झालेली दुसरी बायको त्या मुलखात झाली नसेल.

कोंडीराम घुश्शात घरी गेला, ते खरं. पण थोड्याच वेळात अयोध्या आली. लग्न तोंडावर आलेल्या पोरीनं बाहेर पडू नये म्हणून आई मागून ओरडत होती. तिनं लिंबाच्या खोडावरची निघालेली साल पाहिली, बोटानं चाचपली.

"चाचा, म्या बैलगाडीत बसून जाते. पर एक कबूल करा. दिवाळसणाला मुराळी म्हनून मला आनायला दादाला धाडायचं न्हाय. तुमी यायचं, मोटार घेऊन. आन् म्होरं बसनार म्या."

मुराळी म्हणजे माहेरहून लेकीला न्यायला येणारा, भाऊ नाहीतर मामा. बाबामियाँना ते पद कुणी दिलं नव्हतं. त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि "कबूल" म्हणाले.

वऱ्हाड बैलगाड्यांतून गेलं. निघायच्या आधी हमिदाबीनं पेटी उघडून निकाहातली हिरवी रेशमी साडी काढली, चांगल्या दिवसासाठी राखलेली. घडी उलगडली तर घडीवर विरलेली. ती हसत सुटली. टायरच्या नावानं नवऱ्याला बोल लावताना पेटीत तिचंही तेच चाललं होतं. विरलेला भाग आत खोचून तिनं ती नेसली आणि गाडीत जाऊन बसली.

एका गाडीचा कासरा बाबामियाँनी हौसेनं घेतला होता. बैलांना हॉर्न कळत नाही हे त्यांना वाटेत समजलं. दोनदा गाडी बांधावर चढली, वऱ्हाडी हसून हसून बेजार झाले, कोंडीरामचा रागही तिथंच कुठं तरी सांडला. पण तेरणेचा उतार आला तेव्हा बाबामियाँ कासरा दुसऱ्याच्या हातात देऊन खाली उतरले. ओघळीच्या कडेला उभं राहून त्यांनी खाली पाहिलं. मग पुढच्या गाडीत बसलेल्या अयोध्येकडं पाहिलं. दोन्ही कानांना हात लावला आणि गाडीच्या मागं चालत उतार उतरले. हमिदाबीनं ते पाहिलं.

मोटार त्या उन्हाळ्यात पुन्हा निघालीच नाही. पावसाळाभर ती छपराखाली पुढून ठोकळ्यांवर उभी होती. भेगाळलेले टायर चांभाराकडं गेले आणि अर्ध्या गावाच्या पायात चपला होऊन आणखी चालले. कणगीमागचे मात्र चपलांच्याही कामाचे नव्हते, ते उकिरड्यात पुरावे लागले. दसऱ्याच्या सुमारास बाबामियाँ सोलापूरला गेले, सादिकला घेऊन दुकानं फिरले आणि एसटीच्या टपावर दोन टायर टाकून धाराशिवपर्यंत आले. तिथून बैलगाडी. गाडी दारात थांबली तेव्हा हमिदाबी सवयीनं गोणपाट घेऊन पुढं झाली. कणगीमागची जागा तिनं झाडून ठेवली होती.

"ते ठिव आत," बाबामियाँ म्हणाले. "दगडोबाला हाक मार. आत्ताच घालायचे."

"आज घालायचे?"

"तर! टायरानं म्हातारं व्हायचं तर रस्त्यावर व्हावं. घरात कशाला?"

"आन् परत भेगा पडल्या म्हंजी?"

"तुज्याकडं ज्वारी हायच की. दाना बसला की मला सांग, बदलीन."

दिवाळीच्या आदल्या दिवशी मोटार माकणीला गेली. बाबामियाँनी मुराळ्याला शोभेलसा फेटा बांधला होता आणि कोंडीरामनं शेवेचं गाठोडं मागं ठेवलं होतं. जाताना बाबामियाँ हमिदाबीला म्हणाले, "उतारावर खाली उतरून चाकं बघीन. फिकीर करू नगं." हे त्यांनी आपण होऊन सांगितलं.

दिवस कलायला लागला. हमिदाबीनं पीठ काढलं, जळण पुढं सारलं, कालवण उतरून झाकलं. मग सवयीनं ती उंबऱ्याशी येऊन वेशीकडं कान देऊन उभी राहिली. कणगीमागं कोपरा रिकामा होता. मागं काही नाही, हे तिला ठाऊक होतं, आणि त्यांनाही ठाऊक होतं. म्हणूनच आज ते जपून येत असणार. ती वळली, भिंतीचा तवा उचलला आणि चुलीवर ठेवला.

तीन भाकरी झाल्या. चौथी तव्यावर टम्म फुगली तेव्हा वेशीतून हॉर्न आला, आणि त्याच्यामागून दुसरा, कुणीतरी नवशिक्या हातानं दाबलेला, वेडावाकडा आणि लांबलचक. अयोध्या पुढंच बसली होती.

बाबामियाँ दारात आले, चुलीकडं पाहिलं, टोपलीतल्या भाकऱ्यांकडं पाहिलं.

"आज आधीच? आन् म्या आलो नसतो तर?"

"येनार हुता," हमिदाबी म्हणाली. "हात धुवा. अन् पोरीला आत बलवा, निवतील."